कान दिसेल तेवढे अंतर

सातपुड्यातील भिल्लांत या कथेची अनेक रूपे आढळतात. बहुतेकांत शिकाऱ्याला बक्षीस मिळते. पुढील रूपात तसे घडत नाही.

शिकारी वेस्त्याचा भाऊ गोमा जहागीरदाराच्या कोठडीत उपाशी खितपत होता. दूरच्या टेकाडावरून, दाव्याला बांधलेले हरीण वेस्त्याने एका बाणात पाडले तरच गोमा सुटेल, असे जहागीरदाराने पाहुण्यांसमोर बजावले.  जनावराचा कान हलताना दिसेल, तेवढ्याच अंतरावरून बाण सोडायचा, ही वेस्त्याच्या कुळाची रीत. इथून तर हरणाचे डोकेही नीट दिसत नव्हते. गोमा आता सुटत नाही, हे त्याने मनोमन धरले.

“का रे, हात कापतो? इथून पोरसुद्धा मारील!” जहागीरदार म्हणाला.

“मग सरकार, दावं तुम्हीच धरा. तिथून ‘सोड’ म्हणा, की सोडतो.”

पाहुणे हसले. त्यांच्यादेखत नकार देणे शक्य नव्हते. जहागीरदाराने जाऊन दावे धरले. वेस्त्याने धनुष्याची दोरी ओढताच तो ओरडला, “थांब! पुढे ये.”

“आलो, सरकार.”

“अजून ये, मेल्या!”

हरणाचा कान हलताना दिसू लागला, तेव्हा कुठे हुकूम सुटला. हरीण जागीच कोसळले.

कोठडी उघडली. गोमाला चालता येत नव्हते. वेस्त्याने धनुष्य तिथेच टाकले आणि भावाला पाठीवर घेतले.