खारीच्या ढोलीची कडी

झाडांच्या ढोल्यांना दारं असायची, त्या काळची गोष्ट. झिपरी खार दाणे वेचायला बाहेर पडली, तोच वाऱ्याने दार धाडकन आपटलं आणि आतून कडी पडली! आत तिची तीन तान्ही पिल्लं. ती भुकेने चिरकायला लागली.

झिपरीने सुतारपक्ष्याला हाक मारली. तो आला आणि म्हणाला, "घर तुझंच कशावरून? आतली खूण सांग."

"मेल्या, पोरं रडतायत माझी, आणि तू खुणा विचारतोस?"

तेवढ्यात घूस धावत आली. "सरक गं बाई! घर कुणाचं का असेना, मी आत्ता कुरतडते. कालच मांजरीला कबुतराचं खुराडं उघडून दिलं. एक शब्द विचारला नाही!"

झिपरीची शेपटी ताठ झाली. ती दाराला पाठ लावून उभी राहिली. "सुतारदादा, धाकट्याच्या पाठीवर तिनाऐवजी दोनच पट्टे आहेत. धाव रे!"

टक टक टक! फट पडली. सुतारपक्ष्याने आत डोकावून पट्टे मोजले, मगच कडी उचलली. पिल्लं आईला बिलगली.

"रागावलीस ना?" त्याने विचारलं.

"रागावू दे मला," पिल्लांना चाटत झिपरी म्हणाली. "पुढच्या खेपेला मी कितीही ओरडले, तरी विचार."