त्र्यंबकराव साइटची चाचणी घेतात

एका तालुक्याच्या गावात त्र्यंबकराव खोले नावाचे एक भोळे गृहस्थ होते. सांगितलेलं ऐकावं तर त्यांनीच. तसूभर कमी नाही, तसूभर जास्त नाही.

ते वृंदाताई साबळ्यांकडे कामाला होते. ताईंनी पुण्याची नोकरी सोडून गावात वेबसाइट काढली होती. घरात कार्य असलं की आचारी तिथूनच ठरवायचा. लग्नसराई महिन्यावर आलेली, आणि साइट मात्र पन्नास पानांचा स्वयंपाक मागितला की पाचशेची नोंद करायची.

ताई म्हणाल्या, "चाचणी सगळ्यांना खुली केली तर हसं होईल. आधी बंद चाचणी करू. ही दहा जणांची यादी, हा पासवर्ड. बोभाटा नको. तोंड उघडायचं नाही."

त्र्यंबकरावांनी तोंड उघडलं नाही. आठवडा गेला. साइटवर चिटपाखरू फिरकलं नाही.

"दहा जणांना पासवर्ड दिलात ना?"

"नाही. तोंड कुठं उघडायचं होतं?"

ताईंनी कपाळाला हात लावला. "अहो, कुणी विचारलं तर सांगायचं."

हे त्र्यंबकरावांनी मनात पक्कं केलं. दुसऱ्याच दिवशी, तोच धंदा करणाऱ्या दुसऱ्या कंपनीचा माणूस आला. त्याने गोड बोलून पासवर्ड विचारला. विचारला, म्हणून यांनी सांगितला. वर कागदावर लिहूनही दिला. चार दिवसांत त्या कंपनीची साइट हुबेहूब तशीच झाली. पन्नासाचे पाचशेसुद्धा तसेच.

ताई दातओठ खात म्हणाल्या, "यादीत नाव नसेल त्याला उंबरा ओलांडू द्यायचा नाही."

सोमवारी पाच तास एसटीत बसून पुण्याहून प्रणीत आला. "साइट दुरुस्त करायला आलोय. ताईंनीच बोलावलंय."

त्र्यंबकरावांनी यादी वरून खाली वाचली, खालून वर वाचली. "तुमचं नाव नाही."

"अहो, साइट मीच लिहिलीय."

"असेल. यादी ताईंनी लिहिलीय."

प्रणीत आल्या एसटीने परत गेला. ताईंना रडावं की हसावं कळेना. त्यांनी हात जोडले. "त्र्यंबकराव, येईल त्याला अडवू नका. त्याला जे करायचंय ते करू द्या."

प्रणीत पुन्हा आला, पन्नासाचे पन्नास करून गेला. ताईंना धीर आला. "उद्या बाजाराचा दिवस. उद्यापासून खुली चाचणी," असं सांगून त्या आचाऱ्यांना भेटायला शेजारच्या गावी गेल्या.

त्र्यंबकराव विचारात पडले. यादीतल्या दहा जणांसाठीच्या पाहुण्यांच्या पासवर्डने माणसाला नुसती नोंद करता येते. म्हणजे अडवणंच झालं की. ताईंनी विश्वासाने सांगून ठेवलेल्या मालकाच्या पासवर्डने सगळं करता येतं. त्यांनी तो फळ्यावर ठसठशीत लिहिला आणि फळा भर बाजारात टांगला.

दुपारपर्यंत गाव आत शिरलं. कुणी आचारी म्हणून आपल्या जावयाचं नाव घातलं. कुणी बांगड्यांचं दुकान मांडलं. कुणी म्हैस विकायला काढली, फोटोसकट. संध्याकाळी कुणीतरी पासवर्डच बदलला आणि नवा सगळ्या बाजाराला सांगून टाकला.

ताईंचा फोन आला. आवाज बारीक झाला होता. "त्र्यंबकराव, मला साइटवर जाता येत नाहीये. चाचणी खुली आहे की बंद?"

त्र्यंबकरावांना पहिल्यांदाच आपलं काम फत्ते झाल्यासारखं वाटलं. ते अदबीने म्हणाले, "दोन्ही, ताई. गावाला खुली आहे, तुम्हाला बंद."