राणीसाहेबांच्या पत्रातला मजकूर

तळ्याकाठच्या त्या संस्थानात दुपार झाली की अख्खी कचेरी पाण्यावरच्या उन्हासारखी पेंगायची. नवी सेक्रेटरी कमळजा प्रधान राणीसाहेबांच्या पत्राच्या ओल्या शाईवर वाळू भुरभुरत होती, तेवढ्यात दिवाणसाहेब आले.

“बाई, काय लिहवलंय राणीसाहेबांनी? सांगा, नाहीतर उद्यापासून घरी बसा.”

कमळजाने वाळूची डबी बाजूला ठेवली. ती हळूच म्हणाली, “सेक्रेटरी शब्द मूळचा लॅटिन, दिवाणसाहेब. गुपित सांभाळणारा, असा अर्थ आहे.”

“अर्थ नको, मजकूर हवा.”

“सांगते की. पण तुमची पत्रंही मीच लिहिते. सकाळीच राणीसाहेब त्यांतलं विचारत होत्या, मी गप्प बसले. आता तुम्हाला सांगितलं, तर त्यांनाही सांगावं लागेल.”

दिवाणसाहेब दाराकडे वळले.

“राहू द्या बाई,” ते म्हणाले, “तुमचं लॅटिनच बरं.”