ठकीचं नाक कोंबडीखाली

होती एक ठकी. लाकडाची बाहुली. जुनी म्हणजे किती जुनी? काकूच्या आजीच्या आजीची! पाय नव्हतेच तिला. हात पोटाला चिकटलेले. पण चालायची हं! ठक ठक, ठक ठक.

आज ठकीचं लग्न होतं. नवरा कोण? लाटणं! मुंडावळ्या बांधून केव्हाचं बसलं होतं बिचारं.

छोट्या मंजूने ठकीसाठी नथ आणली. नाकात घालायला गेली आणि टुण्ण! नाकच गळालं.

टुणुक टुणुक, टुणुक टुणुक. नाक गेलं अंगणात. तिथे आली कोंबडी. बसली की नाकावर!

"पक पक पकाक! माझं अंडं!"

"अगं, ते माझं नाक!" ठकी म्हणाली.

"असेना का! उबवते मी. पिल्लू निघेल."

"नाकातून पिल्लू निघतं का गं?"

"तुला काय कळतंय? कण्या आण, मग उठते."

मंजूने कोंबडीखाली हात घातला. टोच! मंजू लागली रडायला. "नाकाशिवाय नवरी कशी गं?"

"रडू नकोस बाई. आत्ता आणते," ठकी म्हणाली आणि निघाली. ठक ठक, ठक ठक.

ओसरीवर काकू तांदूळ घेऊन बसली होती.

"काकू, काकू, कण्या दे!
कोंबडी उठेना,
नाक मिळेना,
नथ बसेना,
लग्न लागेना!"

काकू म्हणाली, "देते गं बयो. पण पाखडू कशात? सुपात मनी झोपलीय. सूप आण, मग देते."

ठक ठक, ठक ठक. सुपात मनीमांजर. घुर्र घुर्र.

"मनीबाई, मनीबाई, सूप सोड!
काकू पाखडेना,
कोंबडी उठेना,
नाक मिळेना,
नथ बसेना,
लग्न लागेना!"

मनीने एक डोळा उघडला. "कसलं सूप? हा माझा पलंग! दूध आण, मग उठते."

ठक ठक, ठक ठक. शेळी काय करत होती? काकांचं धोतर चघळत होती!

"शेळीबाई, शेळीबाई, दूध दे!
मनी हलेना,
काकू पाखडेना,
कोंबडी उठेना,
नाक मिळेना,
नथ बसेना,
लग्न लागेना!"

"बें बें! नुसत्या धोतराने दूध येतं होय? हिरवा पाला आण, मग देते."

ठक ठक, ठक ठक. कुंपणापाशी पांगाऱ्याचं मोठं झाड.

"पांगाऱ्या, पांगाऱ्या, पाला दे!
शेळी दूध देईना,
मनी हलेना,
काकू पाखडेना,
कोंबडी उठेना,
नाक मिळेना,
नथ बसेना,
लग्न लागेना!"

"नाही देत जा!" पांगारा फुगून बसला होता. "सगळे येतात, पाला नेतात. लग्नाला मात्र मला कुणी बोलवत नाही! आणि तू गं कोण?"

"मी ठकी. पांगाऱ्याच्या लाकडाची."

"पांगाऱ्याच्या? अगं, मग मी तुझा मामा!"

"अय्या, मामा! मग या ना माझ्या लग्नाला!"

"येऊ कसा गं पोरी? पाय कुठायत मला?"

"मला तरी कुठायत! तुम्ही थांबा इथेच. मी लग्नच इकडे आणते."

मामाला इतका आनंद झाला, इतका आनंद झाला! सळसळ सळसळ. हा एवढा पाला पाडला.

पाला शेळीला दिला. चुर्र चुर्र, शेळीने दूध दिलं.
दूध मनीला दिलं. लप लप, मनीने सूप सोडलं.
सूप काकूला दिलं. फट् फट्, काकूने कण्या पाखडल्या.
कण्या कोंबडीला टाकल्या. टक टक, कोंबडी उठली!

खाली नाक. चांगलं गरम गरम! कोंबडीने वाकून पाहिलं. "शी! कच्चंच राहिलं," म्हणाली.

काकूने भाताचं शीत लावून नाक चिकटवलं. मंजूने नथ घातली. काय दिसत होती ठकी! लाटणं तर बघतच राहिलं.

मग सगळी वरात निघाली कुंपणाकडे. मामा नवरीच्या पाठीशी उभा राहिला. तो उभाच होता म्हणा!

मंजू ओरडली, "सावधान!" मामाने वरून पानांच्या अक्षता टाकल्या. सळसळ सळसळ. शेळीने त्या सगळ्या खाल्ल्या.

लग्न लागलं आणि ठकी सासरी गेली. ठक ठक, ठक ठक. सासर कुठे? पोळपाटावर!