माघारणीचं तळं

"तू मला दिलं असतंस का गं?" असं माझ्या पाच वर्षांच्या मुलीनं, मैथिलीनं, झोपायच्या आधी विचारलं आणि मी चुकीचं उत्तर दिलं. म्हणाले, "अगं, ती नुसती गोष्ट आहे." "नाही" एवढा एक शब्द पुरला असता. तो न सुचायला एम. ए. व्हावं लागतं. ती भिंतीकडे तोंड करून झोपली. मी मात्र उजाडेपर्यंत जागी होते.

गोष्ट तळ्याची होती. सावरजळ गावाबाहेर दगडी पायऱ्यांचं एक जुनं तळं आहे, त्याला माघारणीचं तळं म्हणतात. दर वर्षी ते होळीच्या आत आटतं. यंदा आटल्यावर आमच्या उत्खननाच्या गटानं तळातला गाळ काढायला घेतला, तेव्हा सगळ्यांत खालची पायरी ही पायरी नव्हेच, शिलालेख आहे, असं लक्षात आलं. वर चंद्र-सूर्य, खाली गाय-वासरू आणि मध्ये अक्षरांच्या ओळी, पाण्यानं खाल्लेल्या. त्यांचा ठसा घेणं माझं काम. ओला कागद दगडावर पसरायचा, ब्रशनं ठोकून अक्षरांच्या खाचांत बसवायचा आणि वाळत आला की वरून शाईची पुरचुंडी टेकवत जायचं. नवरा नोकरीच्या गावी, सासूबाईंचे गुडघे त्यांचं ऐकत नाहीत, म्हणून मैथिली माझ्याबरोबर. चांगली आई असं करते का, हे मी स्वतःला रोज विचारते. उत्तर रोज वेगळं येतं.

गोष्ट सांगत होते सखाहरी आबा. तळ्याची राखण त्यांच्या घराकडे, आणि आल्यागेल्याला गोष्ट सांगायचा मानही. पण ती सांगायची इथली रीत न्यारी आहे. अर्धी गोष्ट वर काठावर सांगतात आणि उरलेली खाली, शेवटच्या पायरीच्या अलीकडच्या पायरीवर उभं राहून. काल वरची अर्धी झाली आणि वारा सुटला. माझा ओला कागद दगडावरून उडायला लागला, तो वाचवता वाचवता दिवस मावळला.

"खालची उद्या," आबा म्हणाले.

"इथंच सांगा ना, आबा. पोरगी अर्धी गोष्ट घेऊन झोपायची नाही."

"वर न्हाई सांगत ती. मागं एक मोठं सायेब आलं हुतं. त्यास्नीबी खाली उतरवलं. कंबर धरून उतरलं, पर उतरलं."

वरची अर्धी अशी. फार मागं, असं सांगतात, या गावाला पाणी नव्हतं. बायका नदीवर जायच्या त्या उन्हं डोक्यावर आली की परतायच्या. मग साऱ्या गावानं मिळून तळं खणलं. दगड फोडले, पायऱ्या बांधल्या, पण तळाला ओल लागेना. पावसाचं पाणीसुद्धा ठरेना. तेव्हा गावानं देवीला कौल लावला. कौल मिळाला, म्हणे, की खणणाऱ्यांतल्या पहिल्या घराचं थोरलं मूल तळ्याला द्यावं. पहिलं घर पाटलाचं. पाटलानं शब्द दिला. पाटलिणीला कुणी विचारलं नाही. ठरल्या दिवशी तिनं मुलीला न्हाऊ घातलं, नवं नेसवलं, आणि सारा गाव काठावर उभा असताना तिचा हात धरून ती पायऱ्या उतरू लागली.

एवढ्यावरच माझ्या मुलीला झोपावं लागलं. पुढचं मला ठाऊकच होतं. असल्या गोष्टी मी परीक्षेला अभ्यासल्या आहेत. मूल देतात, पाणी येतं, लोक देऊळ बांधतात. सकाळी मैथिलीला मुक्कामावर कुणाजवळ तरी ठेवून यावं असं मनात होतं. पण ती आधीच चपला घालून दारात उभी होती.

आम्ही खाली उतरलो. आबा काठी टेकत पुढे. शेवटच्या पायरीच्या अलीकडे ते थांबले, आणि आवाज जरा खाली आणून त्यांनी बाकीची गोष्ट सांगितली.

पाटलीण इथवर आली, म्हणे, आणि उभी राहिली. एकच पायरी उरली होती. वरून भटजी ओरडले, नवरा ओरडला. तिनं मुलीला उचलून कडेवर घेतलं आणि ती माघारी फिरली. आली तशी चढून वर गेली.

गावानं तिला मारलं नाही. गावानं तिच्याशी बोलणं टाकलं. पलीकडच्या काठावर तिनं पाल ठोकलं आणि तिथंच मुलीला वाढवलं. सणाला या काठावर ढोल वाजायचे, त्या काठावर एक चूल धुपत असायची. मध्ये कोरडं तळं. हाक मारली तर ऐकू जाईल एवढंच अंतर होतं. पहिल्यांदा ती हाका मारायची. पुढं ऐकू जातंय हे कळल्यावर तिनं हाक मारायचंच सोडलं, असं सांगतात.

पुढच्या साली कौल दुसऱ्या घरावर आला. त्या घरची सून, पोर पदराखाली घेऊन, याच पायरीवर आली. तिनं मान वर केली तर समोरच्या काठावर धूर दिसला, आणि धुरापाशी एक पोरगी काटक्या गोळा करताना दिसली. जिवंत. माघारी फिरलं तर इतकंच होतं, हे तिनं पाहिलं. तीही फिरली. त्यानंतर कौल लावायची कुणाची छाती झाली नाही.

मग लाजलेली माणसं पलीकडे गेली पाटलिणीला आणायला. पाल होतं, चुलीत राख होती. माय-लेकी नव्हत्या. कुठं गेल्या ते कुणाला ठाऊक नाही. तिचं नावसुद्धा राहिलं नाही. माघारी फिरली ती माघारीण.

"आणि पाणी?" मी विचारलं.

"न्हाई ठरलं. ठरत न्हाईच," आबा म्हणाले. मग काठीनं माझ्या शिळेकडे दाखवलं. "दगड काय म्हंतो, ताई?"

"अजून वाचता आला नाही, आबा."

"वाचा सावकाश. दगडाला घाई न्हाई."

आमच्या प्रमुखांचं मत असं, की शिळा कसल्या तरी दानाची असावी, दुसरीकडून आणून इथं बसवलेली, आणि गोष्ट तिच्याभोवती नंतर जमली असावी. मला ते पटतं. पण आबांसमोर मला ते बोलवेना.

आजही सावरजळमध्ये शेवटच्या पायरीवर कुणी पाय ठेवत नाही. आमच्या कामावरच्या बायका गाळाची पाटी घेऊन तिला वळसा घालून जातात. आजही फाल्गुनात तळं कोरडं पडतं, गावात टँकर येतो, रांगेत एकमेकींच्या झिंज्या धरायची पाळी येते, पण तळ्याला कुणी बोल लावत नाही. आणि आटलेल्या तळ्यात गावातल्या आया आपापलं थोरलं मूल घेऊन उतरतात, अलीकडच्या पायरीवरून वळतात आणि त्याला उचलून वर आणतात. मूल केवढंही होवो. आबांच्या सुनेनं यंदा कॉलेजातल्या मुलाला पाठुंगळी घेतलं, म्हणे. तो "मम्मे, लोकं बघायलेत," म्हणून कळवळत होता. ती म्हणाली, "बघू दे. तुला जेवायला तर मीच घालते ना?"

"तुमचीबी थोरलीच की," आबा मला म्हणाले आणि पाठ फिरवून चढू लागले.

मी मैथिलीसमोर बसले. "नसतं दिलं," मी म्हणाले. "कुणीही मागितलं असतं तरी. काल मी सांगायला हवं होतं."

मी तिला कडेवर घेतलं आणि वळले. पायऱ्या उंच आहेत, माझा दम लहान. अर्ध्यावर थांबले. तिनं माझ्या खांद्यावर हनुवटी टेकवली होती आणि ती मागे, पलीकडच्या काठाकडे बघत होती. तिथं एक बाभूळ आहे, बाकी काही नाही. आता ती म्हणेल, खरंच नसतं दिलंस ना? त्याचं उत्तर मी तयार ठेवलं होतं.

"आई," ती म्हणाली, "मग तिकडे ती मुलगी खेळायची कुणाशी?"