चाळीस हत्यारं आणि एक भोपळा

फार फार वर्षांमागे, डोंगराच्या पायथ्याशी तटबंदीचं एक गाव होतं. त्या गावच्या वेशीवर हैबती नावाचा दरवान होता. माणूस इमानी, अंगाने दणकट, आणि डोक्यात एकच खूळ: आपल्या हाताने तंबोरा करायचा. धंदा म्हणून नव्हे हं, निव्वळ हौस. हौस असावी की माणसाला! पण या हौसेने काय घोळ घातला, ते ऐका.

त्या गावची एक रीत होती. चैत्राच्या पुनवेला, सूर्य उगवताना, देवीच्या पायऱ्यांवर सात घरांनी गायचं. एकेका घराची एकेक पायरी, आणि प्रत्येकाने तीन पदं म्हणायची. तंबोरा मात्र घरचाच हवा, उसना चालत नसे. तंबोरा खाली ठेवला की गाणं संपलं. आणि ज्या घरचं एकही पद झालं नाही, त्या घराची पायरी गेली, ती कायमची.

हैबतीच्या घरची पायरी त्याची थोरली बहीण तुळजाक्का सांभाळत होती. आईच्या मागे चाळीस वर्षं तीच गात होती. पण एका चैत्र पुनवेला, गाणं झाल्यावर पायऱ्या उतरताना तिच्या हातून तंबोरा निसटला आणि भोपळ्याच्या ठिकऱ्या झाल्या. वरची लाकडी तबलीही फुटली. दांडी, खुंट्या आणि तारांखालची घोडी तेवढ्या वाचल्या.

अक्काच्या आढ्याला एक भोपळा टांगलेला होता. मोठा, गोल, जाड सालीचा, तीन वर्षं वाळलेला. तसला दुसरा पंचक्रोशीत नव्हता. गावात तंबोरे करणारे एकटे इमामचाचा, पण त्यांचे हात आता थरथरत. पाण्याचा पेला धरवत नव्हता, तिथे करवत कुठली धरणार!

"अक्का, मी करतो की!" हैबती म्हणाला. "अख्खं वर्ष आहे हातात."

"करशील ना रे नक्की?"

"तुझी शपथ!"

आणि हैबती कामाला लागला. म्हणजे हत्यारं जमवायला लागला.

वेशीवरून रोज व्यापाऱ्यांचे तांडे जायचे. एक म्हणाला, "या पोलादाच्या पटाशीशिवाय भोपळ्याला हात लावू नका." हैबतीने पटाशी घेतली. दुसरा म्हणाला, "छे, ही जाड झाली. बारीक हवी." हैबतीने बारीक घेतली. मग करवती आल्या, कानशी आल्या, रंधे आले. त्यांच्यासाठी शिसवी पेटी आली, पेटीत मखमल आली. रोज संध्याकाळी हैबती एकेक हत्यार काढायचा, तेलाच्या फडक्याने पुसायचा आणि परत ठेवायचा. भोपळा आपला आढ्यालाच.

खरं सांगू? हैबतीला भीती वाटत होती. भोपळा एकदाच कापता येतो. हात चुकला की तो तडकतो, आणि तडकला की संपलं. हत्यारं आणत राहिलं की कापायची वेळच येत नाही. हसू नका. तुमच्या घरात अशी एखादी पेटी आहे का, ते आधी बघा.

दिवाळी गेली. संक्रांत गेली. अक्का विचारायची, "झाली का रे सुरुवात?"

"उत्तरेकडचा तांडा येतोय, अक्का. गोल पटाशी तेवढी आली की बसलोच!"

माघात देवीचे पुजारी दाराशी आले. "अक्का, तंबोरा तयार आहे ना? तुमची पायरी घ्यायला आठवं घर टपून बसलंय."

ते गेल्यावर अक्का भिंतीला टेकून बसली. "हैबती, माझा गळा महिन्या-महिन्याला खाली उतरतोय. आईचं वरच्या पट्टीतलं पद मला यंदा देवीपुढे म्हणायचंय. ते माझ्याशिवाय कुणाला येत नाही. पुढच्या साली माझ्याने व्हायचं नाही बघ."

"होईल गं, अक्का! आहेत की अजून दिवस!"

होळी झाली. आता महिनाच उरला. दुसऱ्या दिवशी सकाळी अक्काने स्वतः शिडी लावली आणि भोपळा उतरवला. मग ती इमामचाचांना हाताला धरून घरी घेऊन आली.

"उघड पेटी," चाचा म्हणाले.

हैबतीने मोठ्या दिमाखात पेटी उघडली. चाचांनी एकेक मूठ बोटांनी चाचपली. "चाळीस हत्यारं, आणि एकाच्याही मुठीला घामाचा डाग नाही! अरे, ही हत्यारं आहेत की देव्हारा?"

हैबतीची मान खाली गेली.

चाचांनी तीन हत्यारं बाहेर काढली. एक छोटी करवत, एक पटाशी, एक कानस. पेटीला कुलूप घातलं आणि किल्ली स्वतःच्या कमरेला खोचली.

"चाचा, एवढ्यावर कसं भागेल?"

"माझी हयात गेली एवढ्यावर. ही तीन हाताला कळली की चौथं माग. आता कुंपणांवर जितके कडू भोपळे वाळलेत, तितके तोडून आण. वाकडे, किडके, कसलेही. आधी ते नास!"

"पण चाचा, दिवस..."

"दिवस तू खाल्लेस. आता मुकाट्याने बस."

पहिला भोपळा तडकला. दुसऱ्याचा काप तिरका गेला. तिसऱ्याला पटाशी आरपार गेली आणि हैबतीच्या अंगठ्यातून रक्त आलं. अक्काने चिंधी बांधली. चौथा, पाचवा, सहावा... अंगणात टरफलांचा ढीग झाला. नऊ भोपळे गेले तेव्हा कुठे दहाव्याचं तोंड सरळ निघालं. यात बारा दिवस गेले.

मग अक्काने आपला भोपळा हैबतीच्या मांडीवर ठेवला.

हैबतीने तो दोन्ही हातांनी कवटाळला. "चाचा, हा तडकला तर?"

"तडकला तर पायरी गेली. पण नाही कापलास तरी गेलीच की. धर करवत."

त्याने करवत धरली. सालीवर पहिलं बारीक खर्र झालं. अक्काने डोळे मिटले. करवत अर्ध्यावर आली आणि अडकली. चाचा ओरडले, "जोर लावू नकोस! सोड हलकी! तिची तिला जाऊ दे!" हैबतीने हात सैल केला. करवत पुन्हा चालायला लागली, पूर्ण फिरली, आणि झाकण अलगद त्याच्या हातात आलं. भोपळा अख्खा होता.

अक्का रडली, हैबतीही रडला. चाचांनी मात्र बोटांवर दिवस मोजले. दांडीचा गळा भोपळ्यावर बसवायला, नवी तबली घासायला नऊ दिवस लागले. तबली सरसाने चिकटवून, दोरीने आवळून ठेवली तेव्हा पुनव नऊ दिवसांवर होती.

"सरस वाळायला पंधरा दिवस लागतात," चाचा म्हणाले. "तोवर तारा खालच्या सुरातच ठेव, पोरी. चढवू नकोस."

पुनव उजाडली. पायऱ्यांवर सगळं गाव जमलं. तुळजाक्काने तारा खालच्या सुरात लावल्या आणि पहिलं पद सुरू केलं. तंबोरा बोलत होता! आणि पद निम्मं झालं असताना टक्कन आवाज आला.

तबलीची कड नखभर उचलली होती.

अक्काने गाणं थांबवलं नाही. डावा तळवा तिने तबलीवर दाबून धरला, उजव्या हाताने तारा छेडत राहिली, आणि पद पुरं केलं. पुजाऱ्यांनी मान हलवली. पायरी राहिली.

पण आईच्या पदासाठी तारा वर चढवायच्या, तर तेवढा ताण तबली सोसणार नव्हती. अक्काने तंबोरा हळूच खाली ठेवला.

"आईचं पद राहिलं रे, हैबती," ती उतरताना म्हणाली.

"पुढच्या साली म्हण की, अक्का! तोवर सरस दगडासारखा होईल."

"तंबोरा असेल रे. गळ्याचं कोण सांगणार?"

साल उलटलं. सरस खरंच दगडासारखा झाला होता. तारा हव्या तेवढ्या वर चढल्या, तंबोरा घुमला. अक्काने दोन पदं म्हटली. तिसऱ्याला, आईच्या पदाला, तिने तोंड उघडलं आणि नुसता वारा बाहेर आला. तिने पुन्हा म्हणून बघितलं. पुन्हा वाराच. मग ती नुसत्या तारा छेडत बसली. सगळं गाव उभं राहून तेवढंच ऐकत होतं. खालच्या पायरीवर हैबती गुडघ्यांत डोकं घालून बसला होता.

घरी येऊन त्याने चाचांकडून किल्ली मागून घेतली आणि पेटी वेशीवर नेऊन उघडी ठेवली. ज्याला हवं त्याने हत्यार न्यावं. मात्र मागायला आलेल्याला तो आधी एकच विचारायचा, "आत्तापर्यंत काय काय नासलंस, ते दाखव."

तात्पर्य: हाती आहे त्या हत्याराने आजच पहिला काप घाला, कारण तयारीत घालवलेले दिवस आपले एकट्याचे नसतात, आपली वाट बघणाऱ्याचेही असतात.