वटवटीचं घरटं आणि मुक्ताचे घोडे

एक होती वटवटी. वटवटी म्हणजे पाखरू. राखी पाठ, लांब शेपटी. आणि अंग केवढं? आईच्या अंगठ्याएवढं!

तिने तगरीच्या झुडपात घरटं विणलं. गवताची काडी आणली. कापूस आणला. कोळ्याचं जाळं आणलं. विण विण विण! घरटं झालं गोल गोल. वटवटीच्या पोटात होतं अंडं. अंडं आजच येणार होतं.

वटवटी किडा टिपायला गेली. परत आली. बघते तर काय? झुडूप आहे. फांदी आहे. घरटं नाही!

"टिवी टिवी टिवी! माझं घरटं कोणी नेलं?"

नेलं होतं मुक्ताने. मुक्ताने अंगणात दिवाळीचा किल्ला केला होता. किल्ल्याखाली पागा. पागेत मातीचे घोडे. सकाळपासून बाईसाहेब घोड्यांसाठी सामान शोधत होत्या. अक्रोडाचं टरफल सापडलं, त्याचं केलं कुंड. आरशाचा तुकडा सापडला, त्याचं केलं तळं. मोहरी पेरली होती, ती उगवली, तिचं झालं कुरण. राहिली फक्त गवताची गंजी.

मुक्ताने झुडपात डोकावलं. घरटं दिसलं. आत अंडं नव्हतं.

"रिकामं आहे, म्हणजे कुणाचंच नाही," मुक्ता म्हणाली. आणि घेतलं की तोडून! कुणाला विचारलं का? नाही विचारलं.

वटवटीला घरटं पागेत दिसलं. ती मुक्ताकडे गेली. फुर्र फुर्र, टुपुक टुपुक.

"मुक्ताताई, मुक्ताताई, घरटं दे.
घरट्यात मी अंडं घालीन.
अंडं आज येणार, थांबणार नाही!"

मुक्ता म्हणाली, "नाही देणार जा! किल्ला एकदा मांडला की तुळशीच्या लग्नापर्यंत मोडत नाहीत. माझे घोडे काय खातील? आधी नारळाची शेंडी आण. तिची गंजी करीन. मग घरटं देईन."

वटवटी नारळवाल्या काशीमावशीकडे गेली. फुर्र फुर्र, टुपुक टुपुक.

"काशीमावशी, काशीमावशी, शेंडी दे.
शेंडी मुक्ताताईला देईन.
मुक्ताताई घरटं देईल.
घरट्यात मी अंडं घालीन.
अंडं आज येणार, थांबणार नाही!"

काशीमावशीच्या मांडीवर बाळ रडत होतं. ट्यँहँ ट्यँहँ!

"नाही देणार जा! हे कार्टं घोडा हवा म्हणून सकाळपासून डोकं उठवतंय. आधी मातीचा घोडा आण. मग शेंडी देईन."

वटवटी महादूकाका कुंभाराकडे गेली. फुर्र फुर्र, टुपुक टुपुक.

"महादूकाका, महादूकाका, घोडा द्या.
घोडा काशीमावशीला देईन.
काशीमावशी शेंडी देईल.
शेंडी मुक्ताताईला देईन.
मुक्ताताई घरटं देईल.
घरट्यात मी अंडं घालीन.
अंडं आज येणार, थांबणार नाही!"

महादूकाकांनी मान हलवली. "नाही देणार जा! घोडा तयार आहे, पण त्याला शेपूट नाही. माझ्या घोड्यांना खऱ्या घोड्याच्या केसाचं शेपूट असतं. बिनशेपटीचा घोडा दिला तर लोक काय म्हणतील मला? आधी घोड्याचा केस आण. मग घोडा देईन."

लोक काय म्हणतील म्हणे! इकडे अंडं यायला झालंय, आणि काकांना लोकांची पडलीय.

ऊन उतरलं. वटवटीचं पोट जड झालं. ती टांग्याच्या अड्ड्यावर गेली. फुर्र फुर्र, टुपुक टुपुक.

तिथे एक म्हातारा घोडा बांधला होता. त्याच्या बरगड्या दिसत होत्या.

"घोडेआजोबा, घोडेआजोबा, केस द्या.
केस महादूकाकांना देईन.
महादूकाका घोडा देतील.
घोडा काशीमावशीला देईन.
काशीमावशी शेंडी देईल.
शेंडी मुक्ताताईला देईन.
मुक्ताताई घरटं देईल.
घरट्यात मी अंडं घालीन.
अंडं आज येणार, थांबणार नाही!"

घोडेआजोबांनी डोळे उघडले. "नाही देणार जा. शेपूट हलवायचंसुद्धा बळ नाही, बाळ. मालक बांधून गेला, तो आलाच नाही. जीभ वाळून गेली. आधी पाणी आण. मग केस देईन."

घोडेआजोबांच्या पुढ्यात दगडाचं कुंड होतं. कोरडं ठाक! कुंडाच्या वर होता हौद. वटवटी हौदावर बसली. टुपुक.

"हौदबाबा, हौदबाबा, पाणी द्या.
पाणी घोडेआजोबांना देईन.
घोडेआजोबा केस देतील.
केस महादूकाकांना देईन.
महादूकाका घोडा देतील.
घोडा काशीमावशीला देईन.
काशीमावशी शेंडी देईल.
शेंडी मुक्ताताईला देईन.
मुक्ताताई घरटं देईल.
घरट्यात मी अंडं घालीन.
अंडं आज येणार, थांबणार नाही!"

हौद म्हणाला, "डुबुक! पोट भरून पाणी आहे माझ्यात. पण तोटीत कुजकी पानं अडकलीत. माणसाचा हात आत जात नाही. आधी तोटी मोकळी कर. मग पाणी देईन."

आता वटवटी कुणाकडे जाणार? पुढे कुणीच नव्हतं.

वटवटी स्वतःच तोटीत शिरली. आत काळोख. आत घाण. श्वास कोंडला. तरी तिने चोच मारली. टोच टोच टोच! एक पान निघालं. टोच टोच टोच! दुसरं निघालं. टोच टोच टोच! सगळा बोळा सुटला.

भस्स! पाणी आलं. वटवटी पाण्याबरोबर बाहेर फेकली गेली. ओली चिंब, थर थर थर.

हौदाने पाणी दिलं. घोडेआजोबा प्यायले. गट गट गट, किती वेळ प्यायले! मग त्यांनी शेपूट पुढे केलं. वटवटीने केस घेतला. महादूकाकांनी केसाचं शेपूट लावलं. शेपूट लावून घोडा दिला.

घोडा बोटाएवढा. पण वटवटीला तोच डोंगर! उचलेना. उडवेना. वटवटी रस्त्यावरून घोडा ओढू लागली. खर्र खर्र. खर्र खर्र.

आणि पोटात कळ आली.

"थांब रे अंड्या, थोडं थांब!"

अंडं थांबलं नाही. रस्त्यावरच आलं. टप्प! लालसर, विटेच्या रंगाचं, चकचकीत. वटवटीने त्याच्यावर पंख पसरले.

ट्रिंग ट्रिंग! सायकल आली. वटवटी ओरडली, "टिवी टिवी!" पण एवढ्याशा पाखराचं कोण ऐकतं? वटवटी कशीबशी उडाली. चाक गेलं. अंडं गेलं.

वटवटी रस्त्याच्या कडेला बसली. खूप वाईट वाटलं तिला. खूप खूप वाईट वाटलं. पण पोटात आणखी अंडी होती. उद्या दुसरं येणार होतं. तिने पुन्हा घोडा धरला. खर्र खर्र. खर्र खर्र.

घोडा काशीमावशीला दिला. बाळ हसलं. काशीमावशीने शेंडी दिली. शेंडी घेऊन वटवटी मुक्ताकडे आली.

मुक्ता खुशीत म्हणाली, "अरे वा! आणलीस शेंडी? हे घे तुझं घरटं. घाल आता अंडं."

वटवटी म्हणाली, "अंडं आलं. रस्त्यावर आलं. सायकलखाली गेलं."

 मुक्ताने घरट्याकडे बघितलं. मग घोड्यांकडे बघितलं. मग ती रडायला लागली. "चुकलं माझं. ए वटवटी, चुकलं गं माझं."

वटवटीने शेंडी खाली ठेवली. 

मुक्ताने डोळे पुसले. घरटं उचलून तगरीच्या झुडपात नेलं. जिथे होतं तिथेच, दोऱ्याने नीट बांधलं. शेंडीची गंजी केली नाही, ती घरट्याखाली टेकू म्हणून लावली. वटवटी आत जाऊन बसली. मुक्ताने हाक मारली, तरी तिने तोंड बाहेर काढलं नाही.

सकाळी घरट्यात दुसरं अंडं आलं. लालसर, विटेच्या रंगाचं. वटवटी त्याच्यावर बसली. ती हललीच नाही.

आळीतली मुलं किल्ला बघायला आली. एक म्हणाला, "मुक्ता, कुंड आहे, तळं आहे, कुरण आहे. गंजी कुठंय? घोडे उपाशी राहतील ना!"

मुक्ता म्हणाली, "नाही राहणार. मातीचे आहेत ते. त्यांना भूक लागत नाही."

घरटं झुडपात,
अंडं घरट्यात,
आता तुम्ही शिरा बघू
आपापल्या अंथरुणात!